आईने तीच गोष्ट दोनदा सांगितली



आज आमच्या घरातलीच गोष्ट लिहीत आहोत. घरचे दुखणे चव्हाट्यावर मांडू नये असे म्हणतात. पण हे दुखणे एकट्या आमच्या घरचे नाही. बोपोडी, दापोडी, ताडीवाला रोड, येरवडा, पर्वती, कुठल्याही वस्तीत जा, दर चार घरांआड एक म्हातारे माणूस पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारताना दिसेल. आणि घरची माणसे "वय झालं" म्हणून कामाला निघून जाताना दिसतील. आम्हीही तसेच निघून जात होतो. म्हणून लिहायचे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आमची आई तेव्हा सात वर्षांची होती. तिचे वडील खडकीत मजुरी करायचे. त्यांनी तिला खांद्यावर बसवून, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून, रात्रीच पायी वाट धरली होती. दर वर्षी त्या तारखेला आमच्या विहारात आई ही हकिकत सांगायची. बाबासाहेब दिसले तेव्हा वडिलांनी डोक्याचे मुंडासे काढून हातात धरले, हे सांगताना तिचा गळा भरून यायचा आणि ऐकणाऱ्यांचाही.

२०२२ सालच्या कार्यक्रमात आईने ती हकिकत सांगितली आणि ती खाली बसली. पाच-सात मिनिटे गेली असतील. दुसरे वक्ते बोलत असताना आई पुन्हा उठली आणि पहिल्यापासून तीच हकिकत सांगू लागली. तेच शब्द, तीच भाकरी, तेच मुंडासे. पोरे फिदीफिदी हसली. आम्ही तिचा हात धरून तिला खाली बसवले. घरी येताना आई विचारत होती, "अरे, मला बोलू का नाही दिलं?"

त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही.

मागे वळून पाहिले तर खुणा आधीपासून होत्या. दूध गॅसवर ठेवून विसरणे, भाजीत मीठ दोनदा घालणे, पेन्शनचे पैसे कुठे ठेवले ते न आठवणे. एकदा बस बरोबर होती, पण उतरली भलत्याच थांब्यावर. आईने तीस वर्षे झाडणकाम केले. पहाटे पाचला शहराचे रस्ते झाडणारी ही बाई पुण्याच्या पेठांतल्या गल्ल्या तोंडपाठ सांगायची. तिला स्वतःच्या घराची गल्ली चुकावी? तरीही आम्ही म्हणत राहिलो, साठी बुद्धी नाठी. ही म्हण फार सोयीची आहे. ती एकदा म्हटली की दवाखान्यात जावे लागत नाही.

शेजारच्या एका मावशींनी सुचवले, "बाहेरचं काही असेल, एकदा भगताला दाखवा." मावशींची माया खरी, पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात उतारा उतरवायचा नसतो. कारणावाचून कार्य घडत नाही, हे तथागतांनी शिकवले. मग आईच्या विसरण्यालाही कारण असणारच, आणि ते शोधायचे.

पहिल्या एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत आम्हाला वाटेला लावले. वयोमानाने होते म्हणाले, शक्तीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरबाई मात्र खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. तिचे रक्त तपासले, रक्तदाब पाहिला, कान पाहिले, ती कोणकोणत्या गोळ्या घेते ते विचारले आणि डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगितला. अहवालात एक शब्द होता, 'अ‍ॅट्रॉफी'. म्हणजे मेंदू आकसला आहे. आमच्या पायाखालची जमीन सरकली.

डॉक्टरबाईंनी समजावले ते आम्हाला असे उमगले. ओल्या नारळात खोबरे करवंटीला घट्ट चिकटलेले असते. नारळ सुकत गेला की खोबरे आकसते, करवंटी सोडते आणि आत गोटा खुळखुळतो. माणसाच्या कवटीतही तसेच घडते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना मेंदूचे आकारमान सुमारे पाच टक्क्यांनी कमी होते, सत्तरीनंतर हा वेग वाढतो. ही घट सगळ्यांचीच होते. त्यामुळे स्कॅनमध्ये आकसलेला मेंदू दिसला म्हणजे माणूस वेडा झाला असे नव्हे. पण काहींची घट हळू होते, काहींची झपाट्याने, आणि हा फरक पुष्कळसा आपल्या जगण्यावर ठरतो.

मेंदूत कानाच्या वरच्या बाजूला आत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. आज ऐकलेले, आज पाहिलेले तिथे नोंदले जाते. तो भाग दुबळा झाला की नवे टिकत नाही, जुने मात्र बराच काळ राहते. म्हणूनच आईला १९५४ सालची भाकरी आठवत होती आणि पाच मिनिटांपूर्वी आपण बोललो हे आठवत नव्हते. हे कळले तेव्हा विहारात हसणाऱ्या पोरांचा राग गेला. आम्हालाच कुठे कळले होते?

मग डॉक्टरबाईंनी एकेक कारण पुढे ठेवले आणि प्रत्येक कारणात आम्हाला आमचेच घर दिसू लागले.

पहिले कारण रक्तदाब. आईला बीपीची गोळी पंधरा वर्षांपासून चालू होती. पण डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, म्हणून ती महिना-महिना बंद असायची. आम्हीही कधी विचारले नाही. वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या केसासारख्या बारीक वाहिन्या कडक करतो. रक्त पोचत नाही तिथला भाग सुकतो. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही.

दुसरे कारण मधुमेह. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की तीही त्याच वाहिन्या पोखरते. आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेह आणि रक्तदाबाने जखडले होते. त्या दुखण्यातही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला आणि ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्याच्या प्रस्तावनेवर काम केले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपण त्यांना गमावले. ज्या समाजाने आपला बाप असा गमावला, त्या समाजात साखर तपासायला लाजायचे कशाला?

तिसरे कारण मिसरी. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास हीच आमच्या लहानपणीची पहाट होती. मिसरी लावल्याशिवाय आईचे पोट साफ होत नसे आणि झाडू हातात धरवत नसे. भुकेच्या दिवसांत मिसरीने भूक मारली, हे आम्ही विसरलेलो नाही. पण मिसरी म्हणजे तंबाखूच. तिच्यातले निकोटीन वाहिन्या आवळते, रक्तदाब चढवते. घरातल्या पुरुषांच्या विडी-सिगारेटला नावे ठेवायची आणि बायांच्या मिसरीकडे काणाडोळा करायचा, हे आता बंद केले पाहिजे.

चौथे कारण दारू. आई कधी प्यायली नाही. पण आमचे वडील प्यायचे, आणि शेवटची वर्षे त्यांची जीभ अडखळायची, पाय लटपटायचे, माणसे ओळखू यायची नाहीत. त्यांचे स्कॅन कधी झाले नाही, म्हणून खात्रीने बोलत नाही. पण दारूने मेंदू आकसतो हे आता पक्के आहे. २०२२ साली ब्रिटनमधल्या छत्तीस हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज एक-दोन माप पिणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमानही न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळले, आणि जितकी दारू जास्त तितकी घट जास्त. आपण पाचवे शील रोज म्हणतो. चित्ताला बेहोश करणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचे ते शील आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी स्कॅन नव्हता, पण जाणणारा होता. दारू सोडली तर झालेली घट काही अंशी भरून येते, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवे कारण ऐकून आम्ही चकित झालो. आईच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व फारच कमी निघाले. आमच्या पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठे काम केले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय असे ४४१ पुरुष तपासले. त्यांतल्या ६७ टक्के जणांत बी-बारा कमी होते, आणि शाकाहारी लोकांत कमतरतेचा धोका कितीतरी जास्त होता. बी-बारा कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते, आणि ते मेंदूला मारक ठरते. २०१० साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विसराळूपणा सुरू झालेल्या वृद्धांना दोन वर्षे बी जीवनसत्त्वे दिली, तेव्हा त्यांच्या मेंदू आकसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला.

आई पूर्वी सगळे खायची. काळीज, मासे, अंडी, सुकट. हीच आपल्या गरीब घरांतली बी-बारा देणारी अन्ने. दहा वर्षांपूर्वी एका धम्म शिबिरानंतर तिने मांसाहार सोडला. तिच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे आणि तो मोडायला आम्ही सांगितले नाही. पण सोडलेल्या अन्नाची भरपाई करायला हवी होती, ती आम्ही केली नाही. त्यात मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनेही काही जणांचे बी-बारा कमी होते. आईला दोन्हीकडून मार बसला. तिला इंजेक्शने सुरू केली, मग गोळ्या आणि रोज एक वाटी दही. काही आठवड्यांतच तिच्या पायांची बधिरता कमी झाली, तोंडावर तरतरी आली.

सहावे कारण कान. आई गप्प राहू लागली तेव्हा आम्हाला वाटले, वडील गेल्याचे दुःख असेल. ते होतेच. पण तिला ऐकूही कमी येत होते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते. दर वर्षी पहिल्या ओळीत बसणारी आई ते बुडवू लागली. "कंटाळा येतो," म्हणायची. खरे तर वाचणाऱ्याचे शब्दच तिच्यापर्यंत पोचत नव्हते. कानाने शब्द आत जाईना की मेंदूला काम राहत नाही, माणूस माणसांतून उठतो आणि घट वाढते. मेंदूच्या या आजारात बहिरेपणाचा वाटा फार मोठा आहे, असे जगभरचे तज्ज्ञ आता मानतात. आईच्या एका कानातून तर आधी घट्ट मळच निघाला! उरलेल्यासाठी आम्ही भावंडांनी वर्गणी काढून कानाचे यंत्र घेतले. ते घालून तिने पहिल्यांदा कुकरची शिट्टी ऐकली आणि दचकली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

सातवे कारण लिहिताना हात अडतो, कारण ते कारण आम्हीच आहोत. आई निवृत्त झाल्यावर आम्ही म्हणालो, "आई, आता तू बस. खूप केलंस." सुना भाजी निवडू देईनात, मुले बाजाराला जाऊ देईनात. आम्ही मायेने केले. पण पहाटे पाचपासून मैलोगणती चालणाऱ्या बाईला आम्ही टीव्हीसमोर बसवून ठेवले. २०११ साली अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० माणसांवर प्रयोग झाला. त्यातला एक गट आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालला, दुसऱ्या गटाने फक्त अंग ताणायचे व्यायाम केले. वर्षअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता आणि दुसऱ्या गटाचा घटला होता. आणि आम्ही आईचे चालणेच काढून घेतले होते!

आठवे कारण आमच्या घराबाहेरचे आहे. आई शाळेत गेली नाही. साठी ओलांडल्यावर नातीकडून अक्षरे शिकली आणि सही करू लागली. लहानपणी मिळालेले शिक्षण मेंदूत शिल्लक बांधते, आणि म्हातारपणी घट झाली तरी ती शिल्लक कामी येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या शंभर माणसांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात ही संख्या ८८ लाख होते. त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त, शहरापेक्षा खेड्यांतले जास्त आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेले जास्त. हा केवळ वैद्यकाचा हिशेब आहे काय? याच पुण्यात १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तरी त्यानंतर शंभर वर्षांनीही आमच्या आईच्या हाती पाटी आली नाही. ज्यांनी आमच्या बायांना शिक्षण नाकारले त्यांनी त्यांच्या म्हातारपणाची शिदोरीसुद्धा पळवली. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले, त्यात नोकरीपलीकडचेही कल्याण होते.

२०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने अशी चौदा कारणे मांडली. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक त्यात आहेत. शिवाय वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, डोक्याचा मार, अधू झालेली दृष्टी, मनाची उदासी आणि दूषित हवा आहे. जन्मभर ही सगळी कारणे आवरता आली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त आपल्या हातात नाही हेही खरे. कोणी आजारी पडले तर त्याचीच चूक होती, असे कोणी म्हणू नये.

आता आईचे काय झाले ते सांगतो. खोटी आशा दाखवणार नाही. आकसलेला मेंदू पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. आई अजून एकच प्रश्न तीनदा विचारते. परवा नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली. पण घसरण मंदावली आहे. बीपीची गोळी आता धाकटी सून रोज सकाळी स्वतःच्या समोर घ्यायला लावते. मिसरीचा डबा एका दिवसात सुटला नाही, भांडणे झाली, रुसवे झाले. आठ महिन्यांनी तिने स्वतःच तो कचऱ्यात टाकला. रोज सकाळी, रहदारी वाढायच्या आत, आमच्यातले कोणीतरी तिला हॅरिस पुलाच्या बाजूला फिरवून आणते. परतीला ती भाजीवालीशी घासाघीस करते, आणि हिशेब आमच्यापेक्षा बरोबर करते. मेथी निवडण्याचे काम तिचे तिला परत दिले आहे.

पाली भाषेत 'सति' म्हणजे जागरूकता, आणि त्याच शब्दाचा मूळ अर्थ स्मृती. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे. आमच्या घरात एका म्हातारीची स्मृती जात होती, आणि जागरूकता आमची गेली होती.

२०२४ सालच्या २५ डिसेंबरला आई विहारात पुन्हा उभी राहिली. यंत्र कानात होते. तिने देहूरोडची हकिकत सांगितली आणि ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली. या वेळी आम्ही हात धरला नाही. विहारातल्या मंडळींना आम्ही आधीच सगळे सांगून ठेवले होते. कोणी हसले नाही. आमची नात दोनशे पानी वही घेऊन बसली होती, तिने दुसऱ्यांदाही सगळे उतरवून घेतले. आणि दुसऱ्या खेपेला आई एक गोष्ट सांगून गेली, जी आम्ही इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. परतीच्या वाटेवर तिचे वडील थांबले आणि म्हणाले होते, "पोरी, हे ध्यानात ठेव. मला लिहिता येत नाही."

ती ओळ आता वहीत आहे.

वाचक बंधुभगिनींनो, तुमच्याही घरात असे चालतेबोलते पुस्तक असेल. त्याला नीट जपा. तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब आणि साखर सरकारी दवाखान्यांत तपासली जाते, तिथे त्यांना घेऊन जा, आणि तुमचेही तपासून घ्या, कारण ही घट चाळिशीतच सुरू होते. विसराळूपणा दिसला तर बी-बारा, थायरॉईड, कान आणि डोळे पाहायला डॉक्टरांना सांगा, कारण यातली काही कारणे औषधाने दुरुस्त होतात. मेंदू आकसलेल्या माणसाला साध्या पडण्यानेही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मोरी कोरडी ठेवा, रात्री दिवा ठेवा, आणि पडल्यानंतर काही दिवसांनी जरी गुंगी आली तरी दवाखाना गाठा. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे बरळल्यासारखे झाले, तर क्षणभर थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आणि ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत मदतवाहिनी आहे, तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

आणि एक करा. आई-वडील तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागले तर "आधी सांगितलंस" म्हणून तोडू नका. वही उघडा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.